लेझरवर कापलेला भाग मापात का येत नाही? दर सीझनला परत येणारी तक्रार

"दादा, मागच्या वेळी खाचा गच्च बसल्या होत्या, या वेळी सगळं खुळखुळतंय. फाईल तर तीच आहे." गणपतीच्या आधी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची, मखरं कापून देणाऱ्या दुकानांत ही तक्रार हमखास येते. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि सुट्या भागांची, खाचेत टॅब (कडेचा पुढे आलेला दात) घालून उभी राहणारी मखरं गल्लोगल्ली कापली जाऊ लागली. मखर, ट्रॉफी, नेमप्लेट, इलेक्ट्रॉनिक्सचा डबा, आर्किटेक्चरचं मॉडेल, काहीही असो. दुखणं एकच असतं. ड्रॉइंगमध्ये ५० लिहिलेलं असतं, हातात ४९.८ येतं, आणि तेही दर वेळी वेगळं.

यावर बहुतेक ठिकाणी होणारा उपाय म्हणजे कॉरेल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं सिलेक्ट करायचं आणि कोपरा धरून जरा मोठं करायचं. तक्रार दर सीझनला परत येते ती याच उपायामुळे. आकडे घालून बघा. खाच २० मिमी लांब काढली आहे, टॅब २० मिमी रुंद काढला आहे आणि लेझरची रेघ ०.१८ मिमी मटेरियल खाते. कापल्यावर टॅब १९.८२ होतो, खाच २०.१८ होते, फट ०.३६. आता टॅब बरोबर २० यावा म्हणून अख्खी फाईल १००.९ टक्के केली. टॅब २०.०० आला, पण खाच २०.३६ झाली. फट होती तेवढीच राहिली, आणि ४०० मिमीचं मागचं पॅनेल ४०३ च्या पुढे गेलं, ते आता चौकटीत बसत नाही. फाईल ताणून ढिला जोड कधीच घट्ट होत नाही, कारण बाहेरची रेघ आणि आतली रेघ यांच्या चुका उलट दिशेच्या असतात.

म्हणून आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखायचं. तोवर पॉवर, स्पीड, फाईल, मशीनची सेटिंग, कशालाच हात लावायचा नाही.

आधी ही चाचणी

ज्या शीटवर जॉब करायचा आहे त्याच शीटमधून, त्याच पॉवर-स्पीडला, ५० मिमीचा एक चौरस आणि ३०० मिमीचा एक चौरस कापा. बेड लहान असेल तर ३०० ऐवजी २००. कापण्याआधी दोन्हींवर एक्स दिशेचा बाण हलका एनग्रेव्ह करून घ्या. तुकडा बेडवरून उचलला की कोणती बाजू कोणती हे कुणालाच आठवत नाही. जमलं तर ५० मिमी व्यासाचं एक वर्तुळही घ्या. ५० चा चौरस लागोपाठ तीनदा कापा, एकदा बेडच्या डाव्या कोपऱ्यात, एकदा मध्ये, एकदा उजवीकडच्या लांबच्या कोपऱ्यात.

व्हर्नियर (जबड्यांत धरून माप घ्यायचं साधन) बरा असू द्या. रस्त्यावर मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या डिजिटल व्हर्नियरवर ०.१ चा भरवसा नसतो आणि इथे सगळा खेळ ०.१ चाच आहे. जबडे पूर्ण मिटून शून्य दाखवतंय का ते आधी पाहा. एमडीएफच्या कडेवरची काजळी पुसून मग मोजा, आणि जबडे आवळू नका, एमडीएफची कड दबते. ॲक्रिलिक गरम असताना मोजू नका.

आता निकाल वाचा. ५० चा तुकडा ०.२ ने कमी आणि ३०० चाही ०.२ नेच कमी असेल, तर ही रेघेच्या जाडीची म्हणजे कर्फची चूक. मशीन निर्दोष आहे. ५० चा थोडा कमी आणि ३०० चा बराच कमी, तर मशीनचं किंवा फाईलचं स्केल चुकलंय. एक्स बरोबर आणि वाय चूक, तर फक्त त्या अक्षाचा मामला. तीनही छोटे चौरस तीन मापांचे आले तर काहीतरी यांत्रिक ढिलं आहे, किंवा बेड समपातळीत नाही. आणि एकाच तुकड्याची वरची बाजू एक माप आणि खालची दुसरं दाखवत असेल, तर फोकस किंवा किरणाची दिशा.

दोन चुका एकत्र असल्या तरी त्या वेगळ्या काढता येतात. मोठ्या तुकड्याच्या मापातून लहान तुकड्याचं माप वजा करा. दोन्हीत कर्फ सारखीच असते, वजाबाकीत ती निघून जाते. समजा ४९.७७ आणि २९९.५२ आले. वजाबाकी २४९.७५, यायला हवे होते २५०. म्हणजे स्केलची चूक ०.१ टक्का, आणि ५० वरची उरलेली ०.१८ ही कर्फ. एवढ्या हिशोबाने अर्धं काम होतं.

कर्फ: दहा पट्ट्यांचा हिशोब

दहापैकी आठ तक्रारी इथेच संपतात असं माझं मत आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळू.

लेझरचा ठिपका कितीही बारीक केला तरी शून्य होत नाही. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन आहे. जाता जाता सांगतो, हा लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये तयार करणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे पदवीधर. तर, ५०.८ मिमीची नेहमीची लेन्स आणि तिच्यावर ६ मिमीचा किरण धरला, तर आदर्श परिस्थितीतही ठिपका ०.११ मिमीच्या खाली जात नाही. प्रत्यक्षात किरण आदर्श नसतो, मटेरियल वितळतं, जळतं, वाफ होतं, म्हणून ३ मिमीच्या एमडीएफ किंवा ॲक्रिलिकमध्ये रेघ साधारण ०.१५ ते ०.२५ होते. १०१.६ ची लांब लेन्स लावली की ठिपक्याचा हिशोबच दुप्पट होतो. जाड शीट कापायला लेन्स बदलायची आणि माप मात्र जुन्याच आकड्यावर द्यायचं, हे चालत नाही.

कर्फ नेटवरून उचलू नका, शेजारच्या दुकानातून विचारून घेऊ नका. मोजा. १०० मिमी लांब आणि साधारण ३० रुंद आयत काढा, त्यात ९ आडव्या रेघा टाकून १० मिमीच्या १० पट्ट्या करा. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये रेघ एकच हवी. एकावर एक दोन रेघा असतील तर तिथे मशीन दोनदा जाईल आणि आकडा खोटा येईल. कापा, दहाही पट्ट्या क्रमाने एका सपाट पट्टीला टेकवून घट्ट सरकवा आणि एकूण लांबी मोजा. ९८.२ आली तर कमी झालेले १.८ भागिले १०, कर्फ ०.१८. एका तुकड्यावर ०.१८ मोजताना व्हर्नियरची चूक तुम्हाला खाऊन टाकते. दहा एकत्र मोजल्यावर ती चूकही दहात वाटली जाते. पट्ट्यांच्या कडेला बारीक मणी किंवा चिकट राळ राहिली असेल तर नखाने खरवडून काढा, नाहीतर पट्ट्या नीट टेकत नाहीत.

आता हा आकडा वापरायचा कसा? बाहेरची रेघ निम्म्या कर्फने बाहेर, भोकाची किंवा खाचेची रेघ निम्म्या कर्फने आत. ०.१८ असेल तर ०.०९. लाइटबर्न या लेझर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कट सेटिंगमध्येच कर्फ ऑफसेटचा रकाना आहे. बंद आकार एकात एक असतील तर बाहेरचा कोणता आणि आतला कोणता हे तो स्वतः ओळखतो. मात्र त्या रकान्यात निम्मा आकडा घालायचा असतो. पूर्ण ०.१८ घालून "आता भाग मोठे यायला लागले" म्हणणारे भरपूर भेटतात. आकार बंद नसेल, म्हणजे एखाद्या कोपऱ्यात रेघ जुळलेली नसेल, तर ऑफसेट लागूच होत नाही आणि सॉफ्टवेअर मुकाट्याने पुढे जातं. कॉरेलमधून आलेल्या फाईलींत हे फार होतं. आधी सगळे नोड जोडून घ्या. आणि शीट वाचवायला दोन भागांमध्ये एकच सामायिक रेघ ठेवली असेल तर त्या रेघेला ऑफसेट देता येत नाही, ती कोणाच्या बाजूने सरकवणार? तिथे शीट वाचवायची की माप, हे आधीच ठरवावं लागतं.

हा आकडा कायमचा नाही. स्पीड कमी केला की रेघ रुंद होते, पॉवर वाढवली की होते, लेन्सवर धूर बसला की होते. एअर असिस्टचा, म्हणजे कापताना हवेचा झोत सोडणारा, पंप थकला तरी ज्वाळा कडेला चाटत राहते आणि रेघ पसरते. त्यामुळे मटेरियल, जाडी, पॉवर, स्पीड, लेन्स आणि कर्फ यांची एक वही मशीनशेजारी ठेवा. नुसतं "एमडीएफ ०.१८" असं भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं उपयोगाचं नाही.

फाईल तीच, शीट वेगळं

"मागच्या वेळी बसलं होतं" याचं सर्वांत साधं कारण शीटची जाडी. ३ मिमीचा म्हणून घेतलेला एमडीएफ प्रत्यक्षात २.७ ते ३.२ मध्ये काहीही निघू शकतो, आणि पावसाळ्यात गोडाऊनमध्ये उभा राहिलेला एमडीएफ ओल धरून आणखी फुगतो. कास्ट ॲक्रिलिक दोन काचांमध्ये ओतून बनवतात, त्यामुळे त्याची जाडी एकाच शीटच्या दोन टोकांना वेगळी मिळू शकते. एक्सट्रूडेड ॲक्रिलिक जाडीला जास्त एकसारखं असतं, पण त्याच्या कडेला कापताना जास्त वितळ येते आणि उष्णतेने ते लवकर वाकतं.

वर काढलेल्या जोडात टॅबची रुंदी आणि खाचेची लांबी ही एक जोडी, शीटची जाडी आणि खाचेची रुंदी ही दुसरी. पहिली कर्फने बिघडते, दुसरी कर्फ आणि जाडी दोन्हींनी. खाच ३.०० काढली, कापल्यावर ३.१८ झाली, शीट निघालं २.७५ चं: फट ०.४३. एवढी फट फेव्हिकॉलने भरत नाही, मखर हलतंच. उपाय म्हणजे शीट आल्यावर चारही कोपऱ्यांत जाडी मोजायची आणि खाचेची रुंदी त्या आकड्यावर बेतायची. फ्यूजन (पूर्वीचं फ्यूजन ३६०) किंवा फ्रीकॅडमध्ये ड्रॉइंग करत असाल तर जाडीला एक पॅरामीटर द्या, म्हणजे एक आकडा बदलला की सगळ्या खाचा बदलतात. कॉरेलमध्ये ही सोय नाही, तिथे जाडीप्रमाणे दोन-तीन फाईली तयार ठेवणं बरं पडतं.

किती घट्ट ठेवायचं? एमडीएफ दबतो, त्यामुळे ऑफसेट दिल्यावर टॅब खाचेपेक्षा ०.०५ ते ०.१ ने मोठा ठेवला तर हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसतो आणि बिना डिंकाचाही टिकतो. ॲक्रिलिकला हे चालत नाही. तिथे शून्य किंवा किंचित फट. घट्ट बसवलेल्या ॲक्रिलिकच्या जोडात क्लोरोफॉर्म सोडला की कडेतून बारीक केसासारख्या तडा फुटतात. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण आधीच असतो, वर आवळलेला जोड आणि वर सॉल्व्हंट.

कड तिरकी आहे का

तुकडा उभा धरून काटकोनी गुण्या लावा आणि उजेडाकडे बघा. दोन समोरासमोरच्या कडा पाहायच्या, एकच नाही.

दोन्ही कडा एकमेकींच्या आरशासारख्या तिरक्या असतील, म्हणजे तुकडा एका बाजूला थोडा लहान आणि दुसऱ्या बाजूला थोडा मोठा, तर तो किरणाच्या आकाराचा परिणाम. लेन्समधून निघालेला किरण वाळूच्या घड्याळासारखा असतो, मध्ये बारीक, वर-खाली पसरट. ३ मिमीत हा तिरकेपणा जेमतेम जाणवतो, ८-१० मिमीत स्पष्ट दिसतो. जाड शीटला फोकस पृष्ठभागावर न ठेवता जाडीच्या आत, साधारण एक तृतीयांश ते निम्म्यावर नेला की फरक पडतो.

दोन्ही कडा एकाच दिशेला झुकलेल्या असतील, म्हणजे तुकड्याचा छेद समांतरभुज चौकोन दिसत असेल, तर किरणच तिरका पडतोय. किरण लेन्सपर्यंत आणणारे आरसे हललेत. हे फोकसने कधीच सुटणार नाही. मास्किंग टेपचा तुकडा नोझलच्या तोंडाला लावून एक क्षणभर पल्स द्या. डाग भोकाच्या मधोमध हवा. मग हेड (लेन्स आणि नोझलचा सरकता भाग) बेडच्या चारही कोपऱ्यांत नेऊन तिसऱ्या आरशासमोर हीच परीक्षा. चारही ठिकाणी डाग एकावर एक पडला पाहिजे. लांबच्या कोपऱ्यात तो सरकत असेल तर तिथे कापलेला चौरस मापात येत नाही, जवळच्या कोपऱ्यातला येतो, आणि ऑपरेटर शीटला दोष देत बसतो. पल्स देताना दरवाजा उघडा ठेवून वाकून पाहायची सवय घातक आहे. सीओटूचा किरण दिसत नाही आणि डोळ्याला वेळही देत नाही.

फोकस तपासायला एका एमडीएफच्या पट्टीचं एक टोक १०-१२ मिमीने उचलून तिरकी ठेवा आणि तिच्यावरून कमी पॉवरची एक सरळ रेघ ओढा. रेघ जिथे सर्वांत बारीक, तिथली उंची खरा फोकस. मशीनबरोबर आलेला ॲक्रिलिकचा फोकस ठोकळा लेन्स बदलल्यावर किंवा उलटी बसल्यावर खोटा ठरतो. लेन्सची फुगीर बाजू वर हवी. सफाईनंतर ती उलटी बसलेली आढळणं मुळीच दुर्मिळ नाही.

बेडही बघा. हनीकोंब, म्हणजे शीटखालची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, मधोमध बसलेला असतो, एमडीएफ पावसाळ्यात पापडासारखा वाकतो. शीट २ मिमी उचललेलं असेल तर तिथे रेघ रुंद होणारच. चुंबक किंवा हनीकोंबमध्ये घुसणाऱ्या पिना लावून शीट दाबून ठेवा. आणि आतली भोकं आधी, बाहेरची रेघ शेवटी, हा क्रम मोडू नका. बाहेरची रेघ आधी कापली गेली की तुकडा सुटतो, हवेच्या झोताने हलतो आणि मग त्यात पाडलेलं भोक कुठेही जातं.

स्केलची चूक: इथे सूत्र उलटं होतं

वजाबाकीत खरंच टक्केवारीची चूक निघाली तर प्रथम फाईल तपासा, मशीनला नंतर. आकडे ओळखीचे असतात. भाग ठरावीक प्रमाणात चुकतोय आणि ते प्रमाण ०.९३७५ असेल तर ९० आणि ९६ डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके धरायचे याचा) गोंधळ, इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरने ०.९२ आवृत्तीपासून ९० सोडून ९६ घेतलं, जुन्या फाईली अजून फिरताहेत. ०.७५ किंवा १.३३ असेल तर ७२ आणि ९६ चा, म्हणजे बहुधा इलस्ट्रेटरमधून आलेली एसव्हीजी फाईल. २५.४ पट असेल तर डीएक्सएफ फाईल मिमीऐवजी इंचात वाचली गेली. हा मात्र कुणाच्याही डोळ्यांत भरतो. या सगळ्यांतून सुटायला प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात १०० मिमीचा एक चौरस वेगळ्या रंगात ठेवावा. उघडल्यावर तो १०० दिसला नाही तर पुढे जायचंच नाही.

इंकस्केपची आणखी एक खोड. तो सुरुवातीच्या सेटिंगमध्ये आकाराचं माप रेघेच्या जाडीसकट दाखवतो. रेघ १ मिमी जाड ठेवून रुंदी ५० टाइप केली तर खरी वाट ४९ ची असते, आणि लेझर वाटेवर चालतो, जाडीवर नाही. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन भौमितिक बाउंडिंग बॉक्स निवडा आणि विसरून जा.

फाईल स्वच्छ असेल तर मशीन. एकाच अक्षात मोठी चूक, विशेषतः वायमध्ये, दिसली तर पहिला प्रश्न विचारा: काल कुणी ग्लास किंवा बाटल्या एनग्रेव्ह केल्या का? रोटरी (गोल वस्तू फिरवणारं उपकरण) जोडताना वायची सेटिंग बदलतात, काम झाल्यावर रोटरी काढतात, सेटिंग तशीच राहते.

ते नसेल तर अक्षाचं कॅलिब्रेशन. मोजताना कापू नका, कमी पॉवरने नुसत्या दोन रेघा ओढा, एक शून्यावर आणि एक ३०० वर, आणि दोन्हींच्या डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत मोजा. अशा मापात कर्फ येत नाही. दोन्ही रेघांकडे हेड एकाच बाजूने आलं पाहिजे, नाहीतर बेल्टचा ढिलेपणा मापात मिसळतो.

आता सूत्र. रुईडा कंट्रोलरमध्ये, म्हणजे आरडीवर्क्स किंवा लाइटबर्नवर चालणाऱ्या बहुतेक चिनी ६०-१०० वॉट मशीनमध्ये, मोटरला जाणाऱ्या एका पल्सला हेड किती मायक्रॉन सरकतं ते लिहिलेलं असतं. सांगितले ३००, सरकलं २९८.८, तर जुना आकडा गुणिले २९८.८ भागिले ३००. ६.२५ असेल तर ६.२२५ होतो. लहान डायोड मशीन जीआरबीएल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरवर चालतात, तिथे उलट, एका मिलिमीटरला मोटरच्या किती स्टेप (छोट्या पायऱ्या) ते असतं, एक्ससाठी १०० क्रमांकाची ओळ, वायसाठी १०१. तिथे जुना आकडा गुणिले ३०० भागिले २९८.८, ८० असेल तर ८०.३२. एकाचं सूत्र दुसऱ्याला लावलं की चूक दुप्पट होते, आणि मग लोक कंट्रोलर बदलायला निघतात. बदल करण्याआधी जुने आकडे फोटो काढून ठेवा. आणि हा आकडा फारच बदलावा लागत असेल तर जरा थांबा, बेल्ट एका जागी पुलीवर दात चढून तर बसलेला नाही ना ते बघा. चांगल्या चाललेल्या मशीनचा हा आकडा आपोआप बदलत नाही.

दर वेळी वेगळं माप

ही जात सर्वांत त्रासदायक, कारण चाचणीचा तुकडा बरोबर येतो आणि जॉब बिघडतो. वर्तुळाकडे बघा. सुरुवात आणि शेवट जुळत नसेल, तिथे पायरी पडत असेल, किंवा घड्याळातल्या १२, ३, ६, ९ या जागी वर्तुळ चपटं वाटत असेल, तर अक्ष दिशा बदलताना काहीतरी आधी मोकळं फिरतंय आणि मग हलतंय.

मोटरच्या पुलीवरचा बारीक ग्रब स्क्रू हा नेहमीचा संशयित. मशीन बंद करून पुली आणि शाफ्ट या दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ परमनंट मार्करने मारा. दिवसभर काम करा, संध्याकाळी बघा. रेघ तुटली असेल, म्हणजे पुलीवरचा अर्धा भाग शाफ्टवरच्या अर्ध्यापासून सरकला असेल, तर चोर सापडला. स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर आणून आवळा, थेंबभर थ्रेडलॉकर लावा. मग लेन्सची नळी हाताने हलवून पाहा, तिसऱ्या आरशाचे स्क्रू, हेडच्या चाकांमधली ढिलाई. बेल्ट सैल असेल तर ताणा, पण तार होईपर्यंत नको, मोटरचं बेअरिंग जातं.

एका जागेनंतर पुढचं सगळं डिझाइन जसंच्या तसं २-३ मिमी सरकलं असेल तर मोटरने स्टेप चुकवल्या आहेत. ॲक्सेलरेशन कमी करा, रुळांवरची राळ पुसा.

चौरस चौरस न येणं वेगळं. बेडवर ३०० बाय ४०० च्या चार कोपऱ्यांवर चार ठिपके द्या आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५०० हवेत. कर्णांत १ मिमीचा फरक म्हणजे ४०० मिमीवर साधारण ०.८ मिमी तिरकेपणा. गॅन्ट्रीच्या (हेड वाहून नेणाऱ्या आडव्या दांड्याच्या) दोन बाजूंना दोन बेल्ट आणि मागे त्यांना जोडणारा लांब शाफ्ट असतो. एका बाजूचा कपलिंग सैल करा, गॅन्ट्री दोन्हीकडच्या टोकांना टेकवून काटकोनात आणा, पुन्हा आवळा. आकडा बदलून ही चूक जात नाही, मशीनलाच हात लावावा लागतो.

ऊन, पाऊस आणि चिलर

सकाळी माप बरोबर, दुपारी चूक, हे एप्रिल-मेमध्ये ऐकू आलं तर चिलरचं, म्हणजे लेझर ट्यूब थंड ठेवणाऱ्या यंत्राचं, पाणी बघा. सीडब्ल्यू-३००० मध्ये कॉम्प्रेसर नसतो, तो नुसता रेडिएटर आणि पंखा. खोलीपेक्षा थंड पाणी तो देऊच शकत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तो चिलर म्हणून धरू नये. ट्यूब तापते, पॉवर पडते, शीट आरपार जात नाही, ऑपरेटर स्पीड कमी करतो आणि कर्फ बदलते. सीडब्ल्यू-५२०० ला कॉम्प्रेसर असतो. उलट कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पाणी फार थंड ठेवू नका. दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असताना १८ अंशांचं पाणी सोडलं तर ट्यूबवर घाम फुटतो आणि हाय व्होल्टेज तिथून पळतं.

ॲक्रिलिक स्वतः तापमानाने वाढतं. ६०० मिमीचा तुकडा १० अंश तापला की साधारण ०.४ मिमी लांब होतो. एसीत कापलेलं पॅनेल उन्हातल्या दुकानाच्या पाटीत अडकतं ते म्हणून. तिथे कर्फ मोजून उपयोग नाही, भोकं मोठी ठेवा.

आणि जॉब बाहेर कापायला देत असाल तर फाईलबरोबर तीन गोष्टी लिहून द्या: शीटची मोजलेली जाडी, कोणतं माप अचूक हवं आणि कोणतं सैल चालेल, आणि ऑफसेट दिलेला आहे की नाही. शेवटची ओळ राहिली तर ऑपरेटर आपल्याकडून पुन्हा ऑफसेट देतो. टॅब ०.१८ ने मोठा आणि खाच तेवढीच लहान होऊन येते, आणि या वेळी तक्रार ढिल्या जोडाची नसते, टॅब आत जातच नाही अशी असते. शीट दुकानाचंच घेत असाल तर ते कोणतं आहे हेही विचारून घ्या. सनबोर्ड म्हणून दिलं जाणारं बरंचसं शीट पीव्हीसीचं असतं. ते लेझरखाली घातलं तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, ऑपरेटरच्या छातीत जातो आणि मशीनचे रूळ गंजवतो. पीव्हीसी असेल तर राउटरवर कापून घ्या.